बळीरामच्या मागची रेघ

गुणवंत बोकाडेला एका जागी बसवत नसे. जेवतानासुद्धा त्याचा गुडघा हलायचा आणि ताटातली वाटी किणकिणायची. तो जबलपूरला, रांझीच्या फॅक्टरीत फिटर होता. घराणं अमरावतीकडचं, पण त्याचा जन्म जबलपूरचाच. सदर या छावणीच्या भागातलं एक फौजी कुटुंब बदली होऊन निघालं, तेव्हा त्यांचा जुना कॅमेरा त्याने घेतला. बायकोला, शकुला, वाटलं, आता तरी हा माणूस घटकाभर स्वस्थ उभा राहील.

झालं भलतंच. स्वस्थ असलेल्या कशाचाही फोटो काढायची त्याला इच्छाच होईना. वाऱ्यावर फडफडणारी साडी, नळाची धार, शकुच्या हाताने फिरणारं जातं. कॅमेरा स्टुलावर ठेवून तो शटर उघडं धरायचा आणि धुऊन आलेल्या फोटोत सगळं धुरासारखं पसरलेलं असायचं. नातेवाईक फोटो उलटसुलट करून बघत आणि परत देत.

"माणसाचं तोंड काहून दिसत नाही तुमच्या एकाही फोटोत?" शकुने एकदा विचारलं.

"तोंड तर रोजच दिसते," तो म्हणाला. "हलणं कुठं दिसते?"

अठ्ठ्याहत्तरच्या हिवाळ्यात, रजेच्या दिवशी, तो संध्याकाळी फॅक्टरीसमोरच्या पुलियावर, मोरीवरच्या छोट्या पुलावर, उभा होता. फॅक्टरी सुटली आणि गेटातून सायकली बाहेर पडल्या. अंधारून आलं होतं, प्रत्येकाचा डायनमो चालू होता. इतकी वर्षं तो स्वतः त्याच गर्दीतून घरी येत होता. बाहेर उभं राहून त्याने ती कधी पाहिली नव्हती. तो उजेडाचा लोंढा बघून त्याला राहवेना. दुसऱ्या दिवशीही रजा टाकून तो कॅमेरा घेऊन आला.

लष्कराचा माल बनवणारी ती फॅक्टरी. फोटो काढायला मनाई असल्याचा बोर्ड गेटवरच होता. आपण तर नुसता रस्ता टिपतोय, असं त्याने मनाला समजावलं. पहारेकऱ्याने त्याला तिथेच धरलं आणि आत नेलं. साहेबांनी त्याला ओळखलं.

"बोकाडे, तुम तो अपने आदमी हो. बोर्ड पढ़ना नहीं आता?"

त्यांनी कॅमेऱ्याचं झाकण उघडलं, रोल ओढून ट्यूबलाइटखाली धरला आणि परत असं झालं तर नोकरी राहणार नाही, एवढं सांगून त्याला सोडलं. घरी आल्यावर शकुने कॅमेरा ट्रंकेत घातला आणि किल्ली कमरेला खोचली. ती भांडली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

मग तो जास्तच अस्वस्थ झाला. चांगलं चालणारं घड्याळ त्याने खोललं. घरात येरझारा घाली, बाहेर जाई, लगेच परत येई. त्याच्याच सेक्शनमधला बळीराम एक दिवस दारातच उभा राहून शकुला म्हणाला, "वहिनी, याचं मशीनवर ध्यान नाही. आज हात थोडक्यात वाचला."

शकुने ते ऐकलं, चहा दिला. बळीराम गेल्यावर ट्रंक उघडून तिने कॅमेरा नवऱ्यापुढे ठेवला.

"घ्या. पण गेटकडं जायचं नाही. त्या सायकली आपल्याच लोकांच्या आहेत ना? मग त्यांनाच मैदानात बोलवा."

रविवारी दिवस मावळताना क्वार्टरमागच्या मैदानात माणसं जमली. मफलर गुंडाळलेली, हसणारी, एकमेकांना टोमणे मारणारी. गुणवंतने सांगितल्याप्रमाणे ती गोल गोल फिरली. थांबलं की डायनमोचा दिवा विझे, म्हणून कोणीच थांबेना.

सदरच्या स्टुडिओतून फोटो आले, तर काळ्यावर नुसत्या रेघा. माणूस एकही नाही. गुणवंत तो फोटो हातात धरून तिथेच उभा राहिला. एवढे लोक आपल्यासाठी थंडीत फिरले आणि त्यांच्यातला एकही उरला नाही, हे त्याला सहन होईना. स्टुडिओवाल्याने समजावलं की गडद कपड्यांवर उजेडच पडला नव्हता, तर ते दिसणार कसे. त्याने आपला फ्लॅश वापरायला दिला.

पुढच्या रविवारी शटर गुणवंतच्या हाती आणि फ्लॅश शकुच्या. शटर उघडताच त्याने "आता" म्हटलं की तिने दाबायचं. पहिल्या काही फोटोंत तसंच झालं. शेवटच्या खेपेला मात्र बळीरामची सायकल थेट तिच्या अंगावर आल्यासारखी आली. ती दचकली, "आता" ऐकूनही तिचा हात थांबला, आणि शटर मिटता मिटता फ्लॅश चमकला.

"चुकलं माझं," ती म्हणाली. फोटो वाया गेला, असं धरून गुणवंत घरी येईपर्यंत तिच्या पुढे पुढे चालत राहिला.

पण फोटो आल्यावर तो चक्रावला. "आता" म्हणताच दाबलेल्या सगळ्या फोटोंत रेघ माणसाच्या पुढे धावत होती. जणू दिवा सुटून पळाला आणि माणूस मागे राहिला. शकुच्या चुकीच्या फोटोत बळीराम समोर होता, तोंड उघडं, मफलर उडालेला, आणि उजेडाची रेघ त्याच्या मागे. त्याचं पुढचं चाक वाकडं होतं, त्यामुळे रेघही सापासारखी वळवळत आली होती.

त्या संध्याकाळी क्वार्टरमध्ये उभं राहायला जागा नव्हती. जो तो आपली रेघ शोधत होता. जाड रेघ जोरात पायडल मारणाऱ्याची, फिकट आळशाची, यावरून वाद झाले. बळीराम फोटो घेऊन खिडकीशी गेला आणि बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "मी असा येतो होय?"

त्याने तो फोटो मागून नेला.

सगळे गेल्यावर गुणवंत शकुला म्हणाला की बळीराम मधे दगडासारखा थिजून गेलाय, तो पण थोडा हलायला पाहिजे होता. शकु भाकऱ्या थापत होती. तिने विचारलं, "मग एकाच फोटोत फ्लॅश दोनदा दाबून पाहू काय?"

तो उठलाच. ताट वाढलेलं होतं, तरी चप्पल घालून बळीरामला पुन्हा सायकल घेऊन यायला सांगायला निघाला.