प्लॉट पाहा, पण पिकाचं विचारा

मंडळी, आज सकाळी बहीण मला अकोल्याबाहेरच्या एका नव्या लेआउटमध्ये घेऊन गेली. "दादा, तू फक्त हो म्हन, मी आजच इसार देतो." नोकरीतली सारी बचत ती तिथल्या प्लॉटवरच्या घरात घालणार होती.

रस्ते रुंद, प्लॉट सपाट. शेजारच्या नाल्याला दलाल 'व्ह्यू' म्हणत होता. जमिनीचे जुने मालक, एक आजोबा, तिथंच बाभळीखाली बसले होते. त्यांच्याकडं बोट दाखवून दलाल म्हणाला, "जमीन एक नंबर हाय साहेब! यायच्या वावरातला हरभरा सारा गाव पाहाले ये."

नुसता हिवाळ्यातला हरभरा? पावसाळ्यातल्या कपाशीचं नावच नाही! माझे कान टवकारले.

"बाबाजी, पऱ्हाटी कशी होये इथं?"

"पऱ्हाटी नाही लावली बा कधी. पावसाळाभर नाला वावरातच मुक्कामाले राहे. पानी उतरलं का हरभरा पेरत होतो."

दलाल घाईनं म्हणाला, "आता नाल्यात मोठे पाइप टाकले नं बाबाजी!"

"तुले माहीत हाय. नाल्याले सांगतलं का?"

सगळेच हसलो, दलालसुद्धा. बहिणीनं मात्र इसार पर्समध्येच ठेवला आणि आजोबांना विचारलं, "पऱ्हाटी होते असं वावर कोनाचं हाय, सांगा बरं!"

घरी येऊन तिची फाईल उघडली. जुना सातबारा त्यातच होता. पिकांच्या नोंदीत दरवर्षी खरीप कोरा, रब्बीत हरभरा. आम्ही शहाण्यांनी मालकाचं नाव वाचून पान उलटलं होतं.

तुमच्या घराखालच्या वावरात पावसाळ्यात काय पिकत होतं हो?