सुमंतचा शनिवार

माझा शेजारी सुमंत रणभिसे सांगलीच्या एका शाळेत गणित शिकवून निवृत्त झाला. पण त्याची खरी भूमिका शनिवारी संध्याकाळची. चर्चच्या ओसरीवर सतरंजी पडायची, कुणीतरी शुभवर्तमानातलं एखादं वचन मराठीत वाचायचं आणि मग सुमंत उभा राहायचा. तरुणपणी चर्चच्या एका वृद्ध पाळकांकडून तो शुभवर्तमानाची मूळ भाषा, ग्रीक, शिकला होता. मूळ शब्द खणखणीत म्हणायचा आणि त्यातला अर्थ उलगडून दाखवायचा. मी ख्रिस्ती नाही, तरी जाऊन बसत असे. रंगभूमी सुटल्यावर असा आवाज ऐकायला कुठं मिळतो?

चौऱ्याण्णव साली मयूरी आली. मूळची उंब्रजची, पुण्यात ग्रीक शिकून कुपवाडच्या एका कारखान्यात हिशेबनीस म्हणून लागलेली. एका शनिवारी तिनं एक शब्द फार सुरेख समजावला, आणि तेव्हापासून मंडळी तिच्याकडे तोंड करून बसू लागली. नायकाचं पद रंगात असताना प्रेक्षक विंगेकडे बघायला लागले, की नायकाचं काय होतं ते मी जाणतो. सुमंतला जेवण गोड लागेना.

वचन नेमून द्यायचा मान ज्येष्ठाचा, म्हणजे त्याचा. त्यानं तिला द्राक्षमळ्याच्या दाखल्यातलं, म्हणजे येशूच्या बोधकथेतलं, वचन दिलं. त्यात मालक उशिरा आलेल्या मजुरांनाही सकाळपासून राबलेल्यांइतकीच मजुरी देतो, आणि कुरकुरणाऱ्याला एक प्रश्न विचारतो.

"आज चुकवू नकोस," सुमंत मला म्हणाला. "पोरगी अडकते बघ."

ती अडकलीच. म्हणाली, "ग्रीकमध्ये शब्दशः आहे, 'मी चांगला आहे म्हणून तुझा डोळा वाईट आहे का?' त्या मजुराच्या डोळ्याला काय झालंय ते मला उमगलं नाही. सर, तुम्हीच सांगा."

साऱ्या माना सुमंतकडे वळल्या. तो झोकात उठला, घसा साफ केला.

"वाईट डोळा म्हणजे दुसऱ्याला मिळालेलं न बघवणं. हेवा." एवढं बोलून तो मयूरीकडे बघत राहिला. मग आवाज एकदम खाली आला. "सकाळपासून मळ्यात असतो ना, त्याला वाटतो तो."

बसताना त्यानं, यापुढं मूळ ग्रीकही तिनंच वाचावं, असं सांगून टाकलं.

परतताना तो आमच्या कोपऱ्यावर थांबून म्हणाला, "खरं सांग, तिचे उच्चार माझ्याहून चांगले आहेत?"

मी नट माणूस. "छे," म्हणालो.

"पुन्हा म्हण," सुमंत म्हणाला.