लोखंडी पायांचं टेबल

परवा कोपऱ्यावरच्या फॅब्रिकेशनच्या दुकानाबाहेर दोघं जण लोखंडी पायांवर जाड फळी बसवत होते. कामाचं टेबल असावं. बघता बघता मला बाबा आठवले.

बाबांचा कारखाना बंद पडला तेव्हा आम्ही मिरजेत भाड्याच्या घरात राहत होतो. बरेच दिवस ते नुसते बसून असायचे. मग एका सकाळी भंगारातून जाडजूड लोखंड घेऊन आले आणि मागच्या पडवीत टेबलाचे पाय कापायला बसले. घरीच दुरुस्तीची कामं घ्यायची, तर आधी भक्कम टेबल हवं, असं त्यांचं म्हणणं. दुसरं टोक आईनं धरलं होतं.

"अहो, इतके जड पाय कशाला? घर बदलायचं झालं तर हे उचलणार कोण?"

"म्हणूनच जड करतोय," बाबा म्हणाले. "आता इथून हलायचं नाही."

आईनं लोखंड जास्तच घट्ट धरलं.

संध्याकाळी सगळे बोल्ट आवळून झाल्यावर बाबा टेबलावर चढले, पाय आपटून पाहिले आणि आईला हात दिला. "ये, तूही चढ."

"अगंबाई, पोरं बघतायत!" म्हणत ती पदर खोचून खरंच चढली.

भक्कम असं आयुष्यात थोडंच असतं, आणि तेही आपल्यालाच घडवावं लागतं. त्या टेबलावर पुढे कितीतरी पंप, पंखे दुरुस्त झाले, आमची शिक्षणं झाली. पण मला दिसतात ते पडवीच्या पत्र्याला डोकं लागू नये म्हणून वाकून उभे असलेले, खूप दिवसांनी हसणारे आई-बाबा.