कुंदाबाई आणि पितरांतला संपात

कुंदाबाईंविषयी लिहायचं म्हणजे आधी माझी चूक कबूल करणं आलं. मी एकतीस वर्षं अमळनेरच्या एका शाळेत भूगोल शिकवला, आणि एवढ्या वर्षांत शाळेबाहेर कुणी मला भूगोलाचा एक प्रश्न विचारला असेल तर शपथ. त्यामुळे शेजारची मेघा, म्हणजे कुंदाबाईंची सून, एका दुपारी गच्चीच्या कठड्यावरून म्हणाली, की काकू, दिवस आणि रात्र सारखे होतात तो शरद संपात यंदा नेमका कधी आहे, तेव्हा मी हुरळूनच गेले. बावीस सप्टेंबर, रविवार, संध्याकाळी सव्वासहाच्या सुमाराला, असं मी तिला सांगितलं. दिवस-रात्र त्या दिवशी अगदी तंतोतंत सारखी नसते, त्याला पुढे पाच-सहा दिवस जावे लागतात, हेही ऐकवलं. भली मुलगी, तिने ते ऐकून घेतलं. सूर्याचं सगळं मी सांगितलं. भिंतीवरच्या कॅलेंडरातली तिथी बघायचं मात्र माझ्या डोक्यात आलं नाही.

आता कुंदाबाई. यांचे यजमान धनसिंग पाटील अमळनेर डेपोत ड्रायव्हर होते. काविळीचं निमित्त होऊन ते गेले तेव्हा मुलगा ललित सहा वर्षांचा होता. अनुकंपेवर बाईंना कंडक्टरची नोकरी मिळाली आणि पुढची बावीस वर्षं त्यांनी धुळे, चोपडा, पारोळा या रस्त्यांवर उभ्याने काढली. निवृत्त झाल्या तरी बाईंच्या अंगातला कंडक्टर काही निवृत्त झाला नाही. हळदीकुंकवाला गेल्या तरी दारात गर्दी करणाऱ्या बायकांना आत सरकवतात. माझ्याकडे येतात त्या दारातच उभ्या राहून बोलतात, खुर्ची पुढे केली तर नुसता हात ठेवतात तिच्यावर. मेघाने त्यांना गुडघ्यांसाठी योगासनं शिकवली, ती त्या नेमाने करतात, पण शवासन त्यांना आजवर जमलेलं नाही. अर्ध्या मिनिटात डोळे उघडून खोलीत किती माणसं आहेत ते बघतात. मी एकदा हसले तर अहिराणीत म्हणाल्या, सवय शे ती, जाई का लगेच?

बाईंची आणखी एक सवय मला कधीच आवडली नाही. जाणाऱ्याला त्या थांबवत नाहीत. ललित सतरा वर्षांचा असताना पुण्याला शिकायला निघाला, तो धुळ्यापर्यंत आईच्याच गाडीने गेला. बाईंनी त्याला तिकीट फाडून दिलं, जागा मिळवून दिली आणि घंटी मारली. संध्याकाळी परत आल्यावर मी विचारलं, तर म्हणाल्या, गाडी वेळेवर पोचली. मी तेव्हा मनात म्हटलं होतं, ही बाई दगडाची आहे. ते मी आज मागे घेते, पण त्या वेळी मला तसंच वाटलं होतं.

तर हा ललित पुण्यात संगणकाच्या नोकरीला लागला, तिथल्याच मेघाशी त्याने लग्न केलं, आणि घरून काम करायची मुभा मिळाल्यावर दोघं दोन वर्षांपूर्वी अमळनेरला येऊन राहिली. मेघा योगशिक्षिका. शिवाय काशाच्या वाडग्यांवर लाकडी दांडा फिरवून त्या नादाने माणसाचं मन शांत करायचं, असलं एक शास्त्र ती शिकून आलेली. घराच्या वरच्या मजल्यावर तिने वर्ग काढायचं ठरवलं होतं. तेवढ्यात कंपनीने ललितला परत बोलावलं. जळगावात त्याला दुसरी नोकरी मिळत होती, पगार कमी होता, पण मेघाचा वर्ग चालला तर भागलं असतं. दोघांनी आपसात ठरवलं, की संपाताच्या संध्याकाळी कार्यक्रम करून वर्गाचं उद्घाटन करायचं. पंधरा बायकांची नावं लागली तर राहायचं, नाही तर सोमवारी सकाळी पुण्याला होकार कळवायचा. कुंदाबाईंना त्यांनी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, जायचं तर जा बरं, माझी काळजी करू नका. मला हे त्यांनीच सांगितलं, दारात उभं राहून, खुर्चीवर हात ठेवून. त्या खुर्चीची पाठ त्यांनी किती घट्ट धरली होती ते मी पाहिलं.

मेघाने मोबाइलवर गल्लीतल्या साऱ्यांना सुंदर आमंत्रण पाठवलं. दुसऱ्या दिवशी बेबाबाई माझ्याकडे आल्या. बेबाबाई आमच्या गल्लीच्या तोंडाशी राहतात आणि गल्लीचं तोंडही त्याच आहेत. त्यांनी मला विचारलं, बाई, तुम्ही शिकलेल्या ना, मग पितरांत कुणी उद्घाटन करतं का?

मी कॅलेंडर पाहिलं. बावीस तारखेला पितृपक्षातली पंचमी होती. आमच्याकडे पितरांत नवं फडकं विकत घेत नाहीत, तिथे नव्या वर्गाला नाव कोण लावणार? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी मेघाला जाऊन सांगितलं, तर तिचा चेहरा एवढासा झाला. तारीख पुढे ढकलावी म्हटलं तर संपात काही तिच्या सोयीने थांबणार नव्हता, आणि कंपनी तर त्याहून नाही.

कुंदाबाई जिन्यात उभ्या राहून हे ऐकत होत्या. त्यांनी मेघाला विचारलं, यातला उद्घाटन हा शब्द काढला तर तुझं काही अडतं का? मेघा नाही म्हणाली. मग काढ, त्या म्हणाल्या, आणि लिही की रविवारी आमच्याकडे गुलाबाईची गाणी आहेत.

बाहेरच्यांना सांगायला हवं म्हणून सांगते. भाद्रपदाच्या पौर्णिमेला आमच्याकडे पोरी गुलाबाई बसवतात, ती कोजागरीपर्यंत महिनाभर असते. मधे पितर येतात आणि जातात, गुलाबाईला त्याचं काही नाही. मूर्ती एका घरी असते, पोरी मात्र रोज संध्याकाळी घरोघर जाऊन टिपऱ्यांवर गाणी म्हणतात. गाणी झाली की त्या घरची बाई झाकलेला डबा आणते आणि तो नुसता हलवून आतला खाऊ ओळखायचा असतो. ओळखल्याशिवाय खाऊ मिळत नाही, आणि खाऊ घेतल्याशिवाय कुणी उठत नाही. हे काही नवं काम नव्हतं, त्यामुळे पितरांचा प्रश्नच मिटला. एवढं साधं मला सुचू नये याचा मला रागच आला.

रविवारी साडेपाचला वरच्या मजल्यावर पंचवीस बायका आणि डझनभर पोरी होत्या. कुंदाबाई दारात उभ्या राहून एकेकीला आत सरकवत होत्या, पाय दुखणाऱ्यांना भिंतीकडेची जागा देत होत्या. गाणी झाली. मग मेघाने सगळ्यांना डोळे मिटून श्वासाकडे लक्ष द्यायला सांगितलं आणि तिथे सगळं बिघडलं. कुणाच्या कुकरचा विषय निघाला, कुणी कुणाच्या साडीचा पोत चाचपला, बेबाबाईंनी मेघाला विचारलं की ही वाटी तळपायाला तूप लावून घासायची की कशी. मेघा पुन्हा पुन्हा हळू आवाजात शांत व्हा म्हणत होती. मला तिच्याकडे बघवेना.

कुंदाबाई दारातून हलल्या आणि खाऊचा डबा घेऊन आल्या. तो त्यांनी मेघाच्या हातात दिला आणि म्हणाल्या, आधी हे होऊ दे.

मेघाने डबा हलवला. काहीच आवाज आला नाही. पोरी म्हणाल्या, पुन्हा. तिने पुन्हा हलवला. पंचवीस बायका आणि डझनभर पोरी पुढे झुकल्या, कुणी डोळे मिटले, कुणी शेजारणीच्या तोंडावर हात ठेवला. रस्त्यावरून जाणाऱ्या रिक्षाचा आवाज तेवढा ऐकू येत होता. मेघा हुशार पोरगी, तिने डबा खाली ठेवला आणि तशीच हळूच वाडग्यावर दांडा फिरवायला सुरुवात केली. बारीक नाद उठला, वाढत गेला, खोलीभर झाला. कुणी हललं नाही. तिने आडवं व्हायला सांगितलं तशा सगळ्या निमूट आडव्या झाल्या. खिडकीतून पश्चिमेचं ऊन थेट आत येत होतं आणि सूर्य नेमका पश्चिमेला मावळत होता, हे मी पडल्या पडल्या पाहिलं आणि मला फार बरं वाटलं. माझ्या गुडघ्यातली कळही तेवढा वेळ गेली होती, असं मी कबूल करते. बेबाबाई घोरायला लागल्या. नंतर त्या म्हणाल्या, की त्या जाग्याच होत्या.

खाऊ कुणालाच ओळखता आला नाही. आत पेढे होते, कुंदाबाईंनी ते फडक्यात घट्ट गुंडाळून डब्यात कोंबले होते. बायका हसल्या, पेढे खाल्ले, मेघाच्या पाठीवरून हात फिरवला. मेघाने वही पुढे केली. बेबाबाई म्हणाल्या, घट बसले की लावू हं नाव. मग सगळ्यांनीच तसं म्हटलं आणि एकेक करून जिना उतरून गेल्या.

खोलीत आम्ही तिघी उरलो. मी चटया गोळा करत होते. मेघा वाडगे पेटीत ठेवायला लागली, आणि म्हणाली, एकही नाव नाही. मी तिला समजावलं, की ‘घट बसले की’ असं म्हटलं म्हणजे आमच्याकडे बायका खरंच येतात. ती म्हणाली, येतील किंवा नाही येणार, पण ललितला उद्या सकाळी कळवायचंय. कुंदाबाई रिकामा डबा हातात धरून उभ्या होत्या. मला वाटलं, आता त्या म्हणणार, जायचं तर जा बरं.

त्या खाली बसल्या. सतरंजीवर, मेघाच्या समोर, मांडी घालून. त्या घरात मी त्यांना असं बसलेलं क्वचितच पाहिलं होतं.

"तू जाऊ नको," त्या म्हणाल्या. "नावं लागो, न लागो. माले करमनार नही तुमना बिगर. तू आठेच राह्य, मेघा."

मेघाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

"आई, हे आधी का नाही बोललात? मला दोन वर्षं वाटत होतं, आम्ही गेलो तर तुम्ही सुटाल."

कुंदाबाईंनी पदराने आधी सुनेचे डोळे पुसले, मग स्वतःचे. मग वही ओढून घेतली, तिच्यात खोचलेलं पेन काढलं आणि पहिल्या ओळीवर ठळक अक्षरात स्वतःचं नाव लिहिलं. माझ्या तोंडून निघून गेलं, की अहो, पितर आहेत ना.

"मना पितर कोन शे, बाई? ललितना बाप," त्या म्हणाल्या. "पोरं घर ऱ्हायनात तं तो कसाले रागे भरी?"

मी चटया खाली ठेवल्या, त्यांच्याकडून पेन घेतलं आणि त्यांच्या खाली माझं नाव लिहिलं.