काळ्या भिंतीअलीकडची विहीर

धानोऱ्याजवळच्या आमच्या शेतात आणि धाकट्या काकांच्या शेतात एक काळी टेकडी आडवी आली आहे. टेकडी कसली, भिंतच. सरळ रेषेत दूरवर गेलेली, दगडावर दगड रचल्यासारखी. गवळी राजाने बांधली, असं गावात सांगतात. बारावीपर्यंत मीही ते छातीठोकपणे सांगायचे.

भिंतीच्या वरच्या अंगाला काकांची विहीर भरलेली, केळी हिरवीगार. खालच्या अंगाला आमची विहीर संक्रांतीलाच तळ दाखवायची. ‘भाऊनी मन्हं पानी ओढी लिधं,’ असं म्हणून बाबांनी काकांशी बोलणं टाकलं होतं. घरच्या लग्नातही दोघं वेगवेगळ्या पंगतीला बसायचे. मला काका फार आवडायचे, त्यामुळे माझा जीव तुटायचा.

कॉलेजात मी भूगर्भशास्त्र घेतलं. ‘दगडं शिकाले कॉलेज कसाले?’ हे बाबांचं मत. पुस्तकात ग्रॅनाइट घुसलेल्या डोंगररांगांची चित्रं होती. अशा खडकांवरून जुनी भूखंडं कुठे ताणली, कुठे फाटायला लागली, ते ओळखतात म्हणे. पान उलटलं तर अगदी आमच्यासारखी भिंत! तापीकाठची जमीनही कधीकाळी अशीच ताणून तडकली. तडांमध्ये खालून वितळलेला खडक शिरला आणि तिथेच गोठला. आजूबाजूचा मऊ खडक झिजून गेला, हा तेवढा उभा राहिला. गवळी राजाचा बिचाऱ्याचा काही संबंध नव्हता.

सुट्टीत मी बाबांना भिंतीपाशी नेलं. वरून जमिनीतून झिरपत येणारं पाणी हा घट्ट खडक अडवतो, म्हणून ते काकांच्या बाजूला साठतं, काकांनी काहीही ओढलेलं नाही, हे समजावून सांगितलं. बाबांनी भिंतीच्या दगडावरून हात फिरवला.

‘मंग इतला वरीस मी कोनवर रागे भरनू?’

मला मैदान मारल्यासारखं वाटत होतं. तशीच त्यांना भिंत ओलांडून काकांच्या मळ्यात घेऊन गेले आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. काकांनी मोटर बंद करून शांतपणे ऐकून घेतलं. मग माझ्याकडे न बघता बाबांना म्हणाले, ‘दादा, दगडनं ऱ्हाऊ दे. तू एक डाव पानी मांगं ऱ्हातं, ते मी पाईप टाकी दिधा ऱ्हाता.’

माझं शास्त्र तिथेच संपलं. बाबांनी केळीचं एक वाळलेलं पान ओढून काढलं.

‘मोठा व्हतू ना मी,’ ते म्हणाले.