एफ-वन दाबल्यावर

देवाला हात जोडते, पण भुताखेताच्या गप्पा सुरू झाल्या की मी उठून जाणारी. त्यात माझं पोट भरलं ते कॉम्प्युटरवर. मशीन बिघडलं की त्याला कारण असतंच, शोधायची चिकाटी हवी... हेच मी जन्मभर मुलांना शिकवलं. एकदाच कारण सापडलं नाही. ते सांगते.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. वेंगुर्ल्याच्या बाजारात कापडाच्या दुकानाच्या माडीवर एक कॉम्प्युटर क्लास होता. मशीन एकच. चालवणाऱ्यांचं नाव घेत नाही, नुसतं सर म्हणते. शिकवायला आम्ही दोघी — मी आणि मंदा. मंदा बंदराकडची. बापूस होडीवर, आई मासे विकायची.

प्रोग्रॅम लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये एफ-वन दाबलं की मदतीचं पान उघडायचं, पण इंग्रजीत. पोरांना ते कळेना. मंदाने महिनोन्‌महिने खपून ती पानं मराठीत लिहिली — अक्षरं मात्र इंग्रजी, मशीनला दुसरी येतच नव्हती — आणि एफ-वनला जोडून दिली. प्रत्येक पानाच्या तळाशी तिचं नाव.

सरांनी कोल्हापूरच्या एका कंपनीशी ती पानं विकायचं बोलणं सुरू केलं. एका सकाळी मंदाने एफ-वन दाबलं, तर तळाशी सरांचं नाव!

"सर, हे मी लिहिलंय," ती म्हणाली. सर नुसते हसले. तशी ती क्लासातली मराठी विसरून घरच्या मालवणीवर आली. "माझा नाव कित्याक पुसलात?"

दुसऱ्या दिवशी सरांनी तिच्या वडिलांना बोलावून भर वर्गात सांगितलं, तुमची मुलगी फ्लॉपी चोरते. "हिला मासे विकायला बसवा, तेच जमेल." ते बिचारे मान खाली घालून जिना उतरले. मंदा मात्र जाईपर्यंत सरांकडे बघत होती. डोळ्यांत पाणी नव्हतं तिच्या...

त्याच श्रावणात ती तापाने गेली.

मग सरांनी मशीनवरच्या तिच्या मूळ फाइल्स पुसून टाकल्या. पुरावाच नको. आणि एफ-वन बंद पडलं.

"काहीतरी जास्तीचं पुसलं गेलंय, बघ जरा," सर मला म्हणाले.

कारण सापडलं. मंदाची एक छोटी फाइल पानांना एफ-वनशी जोडत होती, तीच गेली होती. मी नवी लिहिली. दाबलं, पान आलं. मग सरांनी दाबलं. पडदा काळा झाला आणि तशाच इंग्रजी अक्षरांत एकच ओळ उमटली —

सर, माझा नाव खंय?

माझं नाव कुठे, तेही तिच्याच बोलीत! मला वाटलं, मंदाच ही करामत करून गेली असणार. मनात म्हटलं, शाब्बास गो! पण ती ओळ एकाही फाइलमध्ये सापडेना. डिस्क साफ पुसली, सॉफ्टवेअरच्या मूळ फ्लॉपींवरून सगळं नव्याने घातलं. मंदाचं एक अक्षरही आता मशीनवर नव्हतं. मी दाबलं की मूळचं इंग्रजी पान. सरांनी दाबलं की ती ओळ. कीबोर्ड बदलला. सरांना पेन्सिलीच्या टोकाने दाबायला लावलं. तरी तेच.

शेवटी सरांनी फ्लॉपीवर ठेवलेली त्यांच्या नावाची पानं परत जोडली आणि ठरलं, कंपनीचे साहेब बघायला आले की मी दाबायचं.

कोल्हापूरचे साहेब सकाळीच फोंडाघाट उतरून आले. मी पानं दाखवली, ते खूश. मग सरांना म्हणाले, "आता तुमच्या हातानं दाखवा की! तुमचंच काम हाय न्हवं?"

सरांनी दाबलं. ओळ आली. घाबरून पुन्हा दाबलं, खाली तीच ओळ. ते दाबतच राहिले, अख्खा पडदा भरून गेला.

"कुणाचं नाव?" साहेबांनी विचारलं.

"मंदाचं," मी म्हटलं. "ही पानं तिने लिहिलीत. ती वारली." माझा आवाज जरासुद्धा कापला नाही.

साहेबांनी बॅग उचलली. सर पडद्याकडे बघत बसून होते.

क्लास बंद पडला. सरांनी दूर दुसऱ्या गावात नवा काढला. तिथे शिकलेली एक मुलगी मला पुढे भेटली. म्हणाली, तिथल्या प्रत्येक कीबोर्डवरचं एफ-वनचं बटण सरांनी उपटून टाकलं होतं. मी हसले. आजही त्याचं वाईट वाटत नाही.

एक सांगायचं राहिलं. साहेब परत गेले त्याच दिवशी मी मासळीबाजारात मंदाच्या आईकडे गेले होते. म्हटलं, "काकी, मशीनवर काहीतरी उमटतं, सरांनी हात लावला की..."

काकी बांगडे मांडत होती. हात थांबला. "सर, माझा नाव खंय... ताच मां गो?"

मी विचारलं, "तुमका कोणी सांगितल्यान?"

"तापात शेवटपर्यंत ताच विचारी होता माझा चेडू." तिने पदराने तोंड पुसलं. "तेणां चोर म्हटल्यान तिका. आता भोगूंदे."

मशीन मी तिच्या मरणानंतर स्वतःच्या हाताने साफ केलं होतं. ती ओळ तिथे कशी आली, मला आजही सांगता येत नाही.