फळ्यावरचं नाव

"मोठ्यानं वाच. चूक तुझीच ना? मग लाज कसली?"

गुरुवारची मीटिंग. दोहातलं आमचं साइट ऑफिस. बावीस माणसं बसलेली आणि मी एकटा उभा. गोऱ्या मॅनेजरनं फळ्यावर इंग्रजीत माझी चूक लिहिली होती. गटाराच्या ड्रॉइंगमध्ये लेव्हल चुकली. मी रायगडच्या खाडीकाठचा ड्राफ्ट्समन. वाचताना जीभ अडखळली. "याला ड्रॉइंग येत नाही, वाचताही येत नाही," तो म्हणाला. सगळे हसले. चिनी इंजिनिअर तेवढे हसले नाहीत. ते टेबलाकडे बघत बसले.

दर गुरुवारी असं उभं करायची ही पद्धत त्यांना पसंत नव्हती. पण ऑफिसनं मत विचारायला फॉर्म वाटले, तेव्हा त्या सगळ्यांनी 'उत्तम'वर खूण केली. साहेबाच्या पद्धतीला कागदावर नावं ठेवणं त्यांच्यात बसत नाही. मॅनेजर तो गठ्ठा दाखवून सांगायचा, बघा, चिन्यांना आवडतंय. डोंबल आवडतंय!

माझे सीनियर लिऊ, त्या चिन्यांपैकीच. माझी चूक दिसली की खुर्ची ओढून शेजारी बसायचे. पेन्सिलीनं गोल करायचे. थर्मासमधलं गरम पाणी माझ्या कपात ओतायचे. एकदा म्हणाले, "आमच्याकडे चूक दार लावून सांगतात. चारचौघांत माणसाचा मान राखतात. बाहेरच्यांसमोर ती चूक वरिष्ठाची."

त्या गुरुवारी तेच उठले. "ड्रॉइंगवर सही माझी आहे. चूक माझी."

मॅनेजर माझ्याकडे वळला. "खरं सांग. तुझी की त्याची?"

घर डोळ्यांपुढे आलं. व्हिसा आला. मी म्हणालो, "त्यांची."

लिऊंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. रविवारी त्यांना उत्तरेला, शमालच्या छोट्या साइटवर धाडलं. जाताना माझ्या कपात पाणी ओतून म्हणाले, "लेव्हल पुन्हा तपास." बस्स, एवढंच.

दोहाच्या नजमा भागातल्या एका खोलीत आम्ही सहाजण राहतो. रडायला जागा नाही. बाथरूममध्ये नळ सोडून रडलो. सगळे मला हसले, त्याचं इतकं दुःख नव्हतं. जो माझ्यासाठी उभा राहिला त्यालाच मी विकलं होतं.

पुढच्या गुरुवारी मॅनेजरनं फळ्याचं पेन माझ्या हातात दिलं. "शहाणा झालास तू. आजपासून चुकणाऱ्यांची नावं तू लिहायचीस. मागच्या चुकीपुढे नाव लिहायचं राहिलंय. लिही, 'लिऊ'."

मी माझं नाव लिहिलं. मोठ्यानं वाचलं. जीभ अडखळली नाही.

"चूक माझी होती. खोटं बोललो तेही मीच. यापुढे या फळ्यावर मी कुणाचंही नाव लिहिणार नाही."

"नोकरी जाईल."

"जाऊ दे."

पेन टेबलावर ठेवलं. चिनी इंजिनिअर टेबलाकडेच बघत होते.

लिऊ माझा फोन उचलत नाहीत. का उचलावा? माझी माफी त्यांच्या काय कामाची? चारचौघांत गेलेला त्यांचा मान मला परत देता येणार नाही. पण पुन्हा कुणी विचारू दे, तुझी की त्याची. या वेळी मी घराकडे बघून उत्तर देणार नाही.